राणीच्या लुगड्यात टंबलर

१

शुक्रवारी सकाळी शाळेच्या हॉलमधला पंखा कुणीतरी पाचावर लावला आणि कोलूच्या सर्वांत वरच्या पायरीवरच्या राणीचं लुगडं उडालं. लुगड्याखाली राणी नव्हती. स्टीलचे दोन टंबलर होते, एकावर एक उपडे ठेवलेले, त्यांच्यावर एक लिंबू, आणि लिंबावर राणीचा मुकुट.

रेवाला निरोप आला तेव्हा ती स्टाफरूममध्ये कॉफी पीत होती. ती मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या, विश्वजितच्या, बँकेतल्या बदलीमुळे चेन्नईला आली आणि तिरुवल्लिकेणीतल्या या शाळेत अकरावीला इंग्रजी शिकवू लागली. एव्हाना तिला कोलू कळला होता. नवरात्रात पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडायच्या. आपल्याकडे गौरीपुढे आरास करतात तसंच, फक्त इथे आरास हाच देव. सगळ्यात वर मरपाच्ची, म्हणजे रक्तचंदनाच्या लाकडाची राजाराणीची जोडी. बाकीच्या बाहुल्या दरवर्षी बदलल्या तरी चालतात. ही जोडी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच. शाळेतली जोडी मुख्याध्यापिका विद्युलता मॅडमच्या आजीची होती आणि त्या ती दर नवरात्रात शाळेला वापरायला देत.

हॉलमध्ये विद्युलता मॅडम लिंबाकडे बघत उभ्या होत्या. शेजारी ऑफिसचे नारायणस्वामी होते. हॉलची किल्ली त्यांच्या कमरेला असते आणि शाळेतली प्रत्येक बातमी त्यांच्या जिभेवर. संगीताच्या कनका मॅडम पायरीपाशी बसल्या होत्या. कोलू मांडायचा, बाहुल्यांना नेसवायचं आणि रोजचा नैवेद्य दाखवायचा, हे काम वर्षानुवर्षं त्यांचंच.

"रक्तचंदन," नारायणस्वामी म्हणाले. "आंध्राच्या जंगलात लोक यासाठी एकमेकांचे जीव घेतात, मॅडम. आणि तुमच्या वर्गातल्या त्या भव्याचा मामा तिरुपतीकडे लॉरी चालवतो."

"भव्याचा इथे काय संबंध?" रेवाने विचारलं.

"काल दुपारच्या सुट्टीत ती हॉलमध्ये गेली होती. एकटी. येताना बॅग पोटाशी धरली होती. तिच्यानंतर आरतीपर्यंत आत कुणी गेलं नाही. आरती झाली, मी कुलूप लावलं."

विद्युलता मॅडम कनकाकडे वळल्या. "तुम्ही नैवेद्य ठेवला तेव्हा राणी होती?"

"होती," कनका म्हणाली. "मी पाहिली."

मग झालंच. कनकाने पाहिली तेव्हा राणी होती, नंतर आत गेली ती भव्या. विद्युलता मॅडम आवाज न चढवता बोलणाऱ्यांपैकी होत्या, आणि अशा माणसांचं बोलणं फिरवणं अवघड असतं.

"सोमवारी तिच्या घरच्यांना बोलवा. बाहुली परत आली तर ठीक. नाहीतर दाखला हातात देईन. फीची सवलत देऊन आपण हिला ठेवून घेतलं आहे, रेवा. लक्षात आहे ना?"

रेवाच्या लक्षात होतं. अकरावीच्या मध्यावर चोरीच्या डागासकट दाखला मिळालेल्या मुलीला दुसरी कुठली शाळा दारात उभी करणार नव्हती, हेही तिच्या लक्षात होतं.

२

नारायणस्वामींची खुर्ची हॉलच्या दाराबाहेर व्हरांड्यात असे. रेवा तिथे जाऊन उभी राहिली. त्या जागेवरून दार चांगलं दिसत होतं. आतला कोलू मात्र अजिबात दिसत नव्हता.

"काल सुट्टीत कोण कोण गेलं?" तिने विचारलं.

"आधी कनका मॅडम, सुंडलचं पातेलं आणि पूजेची पिशवी घेऊन. बरोबर त्यांचा मुलगा श्रीवत्स, दिव्यांची माळ लावायला. दोघं बराच वेळ आत होते. स्टुलावर चढून माळ लावायची म्हणजे वेळ लागतोच. ते गेले, मग ही भव्या."

"ती किती वेळ आत होती?"

"मी कॉफी पीत होतो. कॉफी संपायच्या आत ती बाहेर."

"म्हणजे तेवढ्यात तिने स्टूल ओढलं, वर चढली, राणीचं लुगडं सोडलं, टंबलर रचले, त्यांना निऱ्या काढून नेसवलं, स्टूल जागेवर ठेवलं आणि बाहेर आली?"

नारायणस्वामींनी चष्मा पुसला. "मुली चपळ असतात."

"आणि रात्रभर किल्ली तुमच्याकडेच असते."

त्यांना राग आला. यायलाच हवा होता. आपण चोर असतो तर चोराचं नाव सांगायला इतक्या घाईने का गेलो असतो, असं त्यांनी विचारलं. त्यावर रेवा मनात म्हणाली की घाई चोरालाच असते. पण नारायणस्वामींना बाहुलीशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना फक्त आपलं खरं व्हायला हवं होतं. या शाळेत तो आजार त्यांना एकट्यालाच होता असंही नाही.

खरी गोष्ट एवढीच होती, की भव्या शेवटी आत गेली. कावळा बसायला अन् फांदी मोडायला गाठ पडते, तसलं हे शेवटी जाणं. पण कनकाचं ते 'मी पाहिली' मधे उभं होतं. ते खरं धरलं तर कावळ्यानेच फांदी मोडली म्हणायला हवं.

भव्याला तिने रिकाम्या संगीतखोलीत गाठलं. भव्याचं घराणं तंजावरचं. वर्गात ती इंग्रजी बोले, मैत्रिणींशी तमिळ, आणि रेवाशी घरची ती जुनी मराठी, जिच्यात तमिळ हेल आणि पेशव्यांच्या काळातले प्रत्यय सुखाने नांदतात.

"मी घेतली नाही, मॅडम. बाहुलीस हातसुद्धां लावला नाही."

"मग आत काय करत होतीस?"

भव्या खाली बघत राहिली.

"बॅगेत काय होतं?"

भव्याने बॅग पाठीमागे सरकवली.

"भव्या, सोमवारी तुझ्या आईला आणि पाटीला बोलावलंय. मॅडम दाखला द्यायला निघाल्यात."

पाटी म्हणजे आजी. पाटीचं नाव निघताच पोरीचा चेहरा पांढरा पडला. दाखल्याचं नाव ऐकूनही इतका पडला नव्हता.

"दाखला देऊं देत," ती म्हणाली. "आंत काय करत होतें तें मी सांगणार नाही. तुम्हांलाही नाही, पाटीस तर कधींच नाही."

३

अकरावीला तेव्हा एक नाटुकलं चालू होतं. गोदामाला आग लावल्याचा आरोप असलेली एक बाई, तिचा निवाडा करायला एका खोलीत कोंडलेले पंच, आणि 'वाजवी शंका' म्हणजे काय यावर त्यांची भांडणं. आपल्याकडे ज्यूरी केव्हाच बंद झाली, मग हे शिकायचं कशाला, असं तन्मयने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तो कोर्टात शिकण्याचा विषय नाही, घरात आणि वर्गात शिकण्याचा आहे, असं उत्तर रेवाने दिलं होतं. उत्तर तिचं तिलाच फार आवडलं होतं. शिक्षकाला स्वतःचं उत्तर आवडलं की समजावं, आता ते अंगावर येणार.

शुक्रवारी शेवटच्या तासाला ती वर्गात आली तेव्हा बाकं गोल मांडलेली होती. भव्याची जागा रिकामी होती.

"आम्ही ज्यूरी बसवली, मिस," वर्गप्रतिनिधी वाणी अभिमानाने म्हणाली. "भव्याची केस. हात वर करून मत घेतलं. सगळे म्हणाले दोषी. एक सोडून."

रेवाने डस्टर टेबलावर ठेवलं. तिला इतका राग आला होता की ते आपटण्याचंसुद्धा सुचलं नाही.

"कुठल्या पुराव्यावर?"

"ती शेवटची होती. तिच्या मामाची लॉरी आहे. आणि ती काही बोलत नाही. खरं असतं तर बोलली असती."

"नाटकातली ती बाईसुद्धा बोलत नाही. तिच्याबद्दल मंगळवारी तू काय लिहिलं होतंस, वाणी? 'मौन हा पुरावा नाही.' मी शाबासकी दिली होती."

वाणीने वही मिटली. तन्मय मात्र हसत होता. "आमच्यातही एक पंच क्रमांक चार निघाला, मिस. श्रीवत्स."

नाटकातला चौथा पंच लोहार होता आणि मुलांचा लाडका होता. सगळे दोषी म्हणत असताना तो एकटा उठतो आणि सांगतो, "ती निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मला पटलेलं नाही, एवढंच म्हणतो." मग तो एकेक कारण देतो आणि बाकीच्यांना घाम फोडतो.

कनकाचा श्रीवत्स मागच्या बाकावर बसला होता. शांत, अभ्यासू, आईसारखाच उभट चेहऱ्याचा.

"तुझं काय म्हणणं होतं?" रेवाने विचारलं.

"तिने नाही घेतली," तो म्हणाला.

"कारणं विचारली, तर हेच!" तन्मय म्हणाला. "तिने नाही घेतली, तिने नाही घेतली. तासभर हेच. लोहाराने निदान कारणं तरी दिली."

"कारण सगळ्यांना ठाऊक आहे," मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग खिदळला. श्रीवत्सचे कान लाल झाले. त्याने मान खाली घातली.

प्रेमात पडलेला मुलगा असाच दिसतो, असं रेवालाही वाटलं. तिने वर्गाला चांगलं फैलावर घेतलं, बाकं सरळ करायला लावली, आणि श्रीवत्सला सोडून दिलं. त्या दिवशी तिच्या हातून झालेली चूक ती हीच.

४

शनिवारी सकाळी जादा तास होता. रेवा नैवेद्याची भांडी ठेवतात त्या कोपऱ्यात उगाच रेंगाळली. कनका तिथे सुंडल झाकत होती. तिचीही घरची मराठी भव्यासारखीच, तंजावरची. सुंडल म्हणजे उकडलेल्या कडधान्याची उसळ, वर खोबरं. नवरात्रातला इथला ठरलेला प्रसाद.

"आज पान दोन पदरी घालतें," कनका केळीचं पान दाबत म्हणाली. "गुरुवारी आरतीस आलें तर पान सरकलेलें. मांजर शिरतें काय की इथें."

रेवाने पातेल्याकडे पाहिलं. मग तिने भव्याला शोधून काढलं आणि कसलीही प्रस्तावना न करता विचारलं, "गुरुवारी डबा आणला नव्हतास ना?"

भव्याने आधी मान हलवली, मग रडायला सुरुवात केली.

सगळं बाहेर आलं. डबा घरी विसरला होता, भूक लागली होती, हॉलमध्ये सुंडलचा वास दरवळत होता. रिकामी वाटी बॅगेत होती. तिने पान सरकवलं, वाटी भरली आणि तिथेच, कोलूपुढे उभं राहून, हाताने खाल्लं. पुन्हा भरून घेतलं. नैवेद्य अजून दाखवायचा होता.

"तें उष्टें झालें, मॅडम. मी एच्चिल हातानें पुन्हां घेतलें. मग तेंच देवीस दाखवलें, तेंच सगळ्या शाळेनें खाल्लें, प्रिन्सिपॉल मॅडमांनीं सुद्धां. पाटी दर शुक्रवारी निरांजन लावून उपास करते. तिला कळलें तर ती मज शिवणार नाही."

रेवाला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी ते गिळावं लागलं. साताऱ्यात हा किस्सा झाला असता तर आजीने एक धपाटा घातला असता आणि वर उरलेली उसळ वाढली असती. पण भव्याच्या घरातली गोष्ट वेगळी होती. चोरीचा आळ पोरगी सोसायला तयार होती, नैवेद्य बाटवल्याचा नाही.

"खाताना वर पाहिलंस का? राणी होती?"

भव्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच वेडेपणाचा होता. "नैवेद्य चोरून खातांना देवीकडे वर कोण बघेल, मॅडम?"

"मॅडमना एवढं सांगितलंस तर..."

"नको. मज वचन द्या. कोणासही सांगणार नाही म्हणून."

रेवाने वचन दिलं. देताना तिला स्पष्ट दिसत होतं की आपण आपल्याच हाताने दार लावून घेतोय. बरं, सुंडल खाल्लं म्हणून बाहुली घेतली नाही, असंही सिद्ध होत नव्हतं. मुलगी दोन्ही करू शकली असती. आपल्याला ही मुलगी खरी वाटते, हा काही पुरावा नाही. नाटकातल्या पंचांना हे तिनेच शिकवलं होतं.

म्हणजे आता कनकाचं 'मी पाहिली' तेवढं उरलं. संध्याकाळी ती कनकाच्या घरी गेली.

५

कनकाचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, बॅचलर मुलांच्या मॅन्शनांच्या, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींच्या, गल्लीत, पहिल्या मजल्यावर. दारात चपलांची रांग. घरात बाळंतीण होती. मोठी मुलगी नित्या पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती आणि बाळ कोपऱ्यातल्या झोळीत किरकिरत होतं.

"या हो, रेवाबाई, बसा. कॉफी आणतें."

"राहू द्या, कनका अक्का. बाळाला बघायला आले."

बाळाच्या मानेवर आणि गालांवर पुरळ उठलेलं होतं. त्यावर तांबडा लेप होता. काहीतरी दृष्टीबिष्टीचं असेल, असं समजून रेवाने तिकडे दुर्लक्ष केलं. खिडकीत सहाण वाळत होती. तिच्यावरही तांबडी रेघ होती.

"अंगावर फारच उठलंय की."

"डॉक्टराचें औषध चालूंच आहे," कनका म्हणाली. "पण उतरेना. चार रात्री लेकरूं निजलें नाही, नित्या निजली नाही. सासूबाई माझ्यावर डोळे काढतात, की तूं घरची मोठी, तुज कांहीं कळत नाही. आमची जुनी जोडी असती तर..." ती थांबली. "असो. काय घ्याल, कॉफी?"

"जोडी कसली?"

"आमची मरपाच्ची हो. जाऊबाई अमेरिकेस घेऊन गेली."

आतल्या खोलीच्या दारात श्रीवत्स उभा होता. रेवाने विचारलं, "गुरुवारी नैवेद्य ठेवताना राणी तुम्ही नक्की पाहिलीत ना? भव्याचं सगळं त्याच्यावर आहे."

"पाहिली म्हणून सांगितलें कीं," कनका म्हणाली, आणि झोळीला झोका दिला.

श्रीवत्स दारातून नाहीसा झाला. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. कुणी बघायला गेलं नाही.

रेवा खाली उतरली. समुद्राकडून वारा येत होता, माणसं मरीनाकडे निघाली होती. ती बसथांब्यावर उभी राहिली आणि श्रीवत्सच्या चेहऱ्याचा विचार करू लागली. आईने 'पाहिली' म्हटल्यावर जो चेहरा झाला, तो प्रेमात पडलेल्या मुलाचा नव्हता.

मग तिला तन्मयचं बोलणं आठवलं. लोहाराने कारणं दिली, श्रीवत्सने दिली नाहीत. पण लोहाराला कारणं का द्यावी लागली? कारण त्याला खरं काय ते ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक नसतं तो म्हणतो, मला पटलं नाही. 'तिने नाही घेतली' असं ठामपणे कोण म्हणेल? ज्याला शंका आहे तो नव्हे. ज्याने घेताना पाहिलं, तो.

एवढा धागा सुटल्यावर बाकीचं लुगडं आपोआप सुटत गेलं. चोराने राणी एकटी का नेली? विकायची असती तर जोडी नेली असती. एकटी राणी कोण घेणार? लुगडं, मुकुट, मणी मागे का ठेवले? त्याला फक्त लाकूड हवं होतं. मग टंबलरला निऱ्या काढून नेसवण्याचे कष्ट कशाला? कुणाला कळायच्या आत राणी परत आणून ठेवायची होती म्हणून. आणि त्या निऱ्या अशा सुरेख होत्या, की दरवर्षी बाहुल्या नेसवणाऱ्या हातालाच यायच्या.

लाकूड कशाला? रेवाला साताऱ्याची आई आठवली, बाळगुटीची मुळं आणि पुरळावर लावायला रक्तचंदनाचं खोड सहाणेवर उगाळणारी.

बस आली आणि निघून गेली. रेवा चढली नाही. तिला उत्तर मिळालं होतं, आणि त्यातलं एकही अक्षर सिद्ध करता येत नव्हतं. तांबडी रेघ कुंकवाचीही असते. पोरगा प्रेमातही असेल. वाजवी शंका भव्याच्या वाट्याला येते, तर ती कनकाच्या वाट्यालाही यायला हवी. नाहीतर त्या वर्गात आणि आपल्यात फरक काय राहिला?

६

सोमवारी विद्युलता मॅडमच्या खोलीत भव्याची आई होती आणि नऊवारी नेसलेली, ताठ बसलेली पाटी. भव्या भिंतीला टेकून उभी होती. नारायणस्वामी दाराशी, कनका खिडकीशी. टेबलावर दाखला तयार होता, फक्त सही राहिली होती.

रेवाने शांतपणे सगळं मांडलं. एकटी राणी. मागे ठेवलेलं लुगडं. टंबलरच्या निऱ्या आणि कॉफी संपायच्या आतला वेळ. विकणारा चोर असं वागत नाही. हे ज्याने केलं त्याला बाहुली परत आणायची होती.

"पटण्यासारखं आहे," विद्युलता मॅडम म्हणाल्या. "मग घेतली कुणी?"

"ते मी सांगू शकत नाही."

"आणि ही आत काय करत होती?"

"तेही नाही सांगू शकत. मी वचन दिलंय."

"रेवा, तुम्ही मला दुसरं नाव देत नाही, हिचं कारण देत नाही. माझ्यापुढे एकच साक्ष आहे. कनकाने राणी पाहिली आणि त्यानंतर ही आत गेली." त्यांनी पेनचं टोपण काढलं. भव्याची आई पदराला डोळे पुसू लागली. पाटी हलली नाही.

"त्या साक्षीबद्दल एक विचारू?" रेवा म्हणाली. "फक्त एक प्रश्न."

तिने कनकाकडे पाहिलं. शनिवारी संध्याकाळपासून ती हाच एक प्रश्न घासूनपुसून तयार करत होती. तो असा हवा होता, की कनकाला खोटं मागे घेता यावं आणि तरीही तिच्यावर कसला आळ येऊ नये. सुटायला वाट हवी.

"कनका अक्का, तुम्ही राणी पाहिलीत म्हणालात. काय पाहिलंत? राणी, की राणीचं लुगडं? खाली टंबलर असते, तरी वरून तुम्हाला लुगडंच दिसलं असतं ना?"

खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं. 'लुगडं' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्याने साक्ष कोसळली असती, भव्या सुटली असती, कनका सुटली असती, आणि राणी कधी गेली हे जन्मभर कुणाला कळलं नसतं. विद्युलता मॅडमनी पेन थांबवलं.

कनकाने भव्याकडे पाहिलं. मग ती पाटीकडे पाहत राहिली, कितीतरी वेळ.

"राणी माझ्या घरीं आहे," ती म्हणाली.

नारायणस्वामींच्या तोंडून आवाजच फुटला नाही. हा प्रकार शाळेने प्रथमच पाहिला असेल.

"श्रीवत्सास कांहीं म्हणूं नका. तो माळ लावत होता, त्यानें पाहिलें. मीच म्हटलें, तोंड उघडशील तर माझी शपथ. दुकानची पूड लावून पाहिली, विटेचा चुरा तो. सासूबाई म्हणाल्या, कोलूवर बसलेल्या राणीचें लाकूड उगाळून लाव. मी म्हटलें, शनिवारीं परत ठेवीन. पायाकडून उगाळली. थोडी झिजली आहे."

"मला विचारायचंत," विद्युलता मॅडम म्हणाल्या.

"मांडलेल्या कोलूवरून बाहुली उचलूं दिली असतीत?"

विद्युलता मॅडमनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "नाही."

"म्हणून विचारलें नाही. तें एक चालेल. पण या पोरीवर आळ गेला आणि मी गप्प बसलें." कनकाचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. "आपलें लेकरूं निजावें म्हणून दुसऱ्याचें लेकरूं जागवलें."

मग विद्युलता मॅडमनी दाखला उभा-आडवा फाडला. "राणी संध्याकाळी घेऊन या. माझ्या घरी, इथे नाही. तुमचं काय करायचं ते विजयादशमीनंतर बघू." आणि पुढे, नाइलाजाने विचारावं तसं: "उतरलं का, बाळाचं?"

"नाही," कनका म्हणाली. "तसेंच आहे."

पाटी उठली. नातीपुढे जाऊन उभी राहिली. "मग तूं तिथें काय करत होतीस?"

भव्याने रेवाकडे पाहिलं. रेवाने मान हलवली. आता सांगायची काही गरज नव्हती. पण भव्याला बहुधा एवढ्या दिवसांत गप्प बसण्याचा कंटाळा आला होता. तिने सांगितलं. वाटीपासून एच्चिल हातापर्यंत सगळं.

पाटी ऐकत होती. तिचे ओठ एकदा हलले. मग ती म्हणाली, "भूक लागली होती?"

"होय."

"मग शाळेंत कोणास तरी सांगायचें होतें. घरीं चल, डोक्यावरून न्हा," पाटी म्हणाली, आणि पोरीचा हात धरला. आपण तिला शिवलो, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

व्हरांड्यात रेवाने भव्याला गाठलं. शाळा वाचली होती, सवलत वाचली होती. पोरीच्या तोंडावर मात्र आनंद नव्हता.

"मॅडम, एक विचारूं? तुम्हांस खात्री होती, मी घेतली नाही याची?"

हो म्हणणं सोपं होतं. रेवाच्या ओठांवर ते आलंसुद्धा. पण या पोरीला आणखी एक खोटी साक्ष द्यायची तिची तयारी नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "शनिवारी तू रडलीस तेव्हाही नव्हती. मला ठाऊक नव्हतं."

भव्याला ते लागलं. तिने ओठ चावला, व्हरांड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या श्रीवत्सकडे पाहिलं, आणि मग पुन्हा रेवाकडे.

"त्याला ठाऊक होतें," ती म्हणाली. "तुम्हांस ठाऊक नव्हतें, तरी तुम्ही बोललांत."

पाटी फाटकाशी थांबली होती. भव्या तिच्याकडे गेली. श्रीवत्स तिला काहीतरी सांगायला दोन पावलं पुढे आला, पण तिने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.